मेनकाउरेचे शब्दरूप: अमेरिकी संग्रहालये आणि दृष्टिहीन श्रोता

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या संग्रहालयात प्राचीन मूर्तीशेजारी लावलेली पाटी बहुधा चार-सहा ओळींची असते आणि तिच्यात राजाचे नाव, घराण्याचा क्रमांक, दगडाचा प्रकार व उत्खननाचे ठिकाण एवढाच मजकूर असतो. वाचणाऱ्याचे डोळे मूर्तीवर आहेतच हे ती गृहीत धरते, त्यामुळे मूर्ती दिसते कशी हे सांगण्याची जबाबदारी ती घेत नाही. ही राहून गेलेली जबाबदारी उचलण्याच्या प्रयत्नातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘शाब्दिक वर्णन’ ही स्वतंत्र पद्धत तेथे रूढ झाली. शाब्दिक वर्णन म्हणजे अंध किंवा अत्यंत अंधुक दिसणाऱ्या श्रोत्याला कलावस्तूचे आकारमान, रचना, पृष्ठभाग आणि रंग अशा क्रमाने सांगणे, की ऐकता ऐकता ती वस्तू त्याच्या मनात सांगोपांग उभी राहावी. ही पद्धत रंगभूमी आणि दूरचित्रवाणीकडून आली असे सामान्यतः मानले जाते आणि ते अर्धे खरे आहे; संग्रहालयापुरते पाहिल्यास तिचा उगम वाणीपेक्षा हातात आहे, आणि चांगल्या वर्णनाची वाक्ये आजही, हात दगडावरून फिरावा तशी, एका कडेवरून लगतच्या कडेकडे सरकतात. इजिप्तची शिल्पे या पद्धतीला विशेष मानवतात, आणि त्याचे कारण ती शिल्पे ज्या रीतीने घडवली जात त्या रीतीतच सापडते.

हाताचा इतिहास आधीचा आहे. १८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाला तेरा वर्षांची हेलन केलर आपल्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन आणि टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्यासह गेली, तेव्हा प्रदर्शनाच्या अध्यक्षांनी तिला मांडलेल्या वस्तूंना हात लावण्याची खास परवानगी दिली. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने या भेटीचा वृत्तान्त दिला असून, मानवशास्त्र विभागातील प्राचीन अवशेषांनी मानवाच्या प्रगतीविषयी आपल्याला पुष्कळ शिकवले असे नमूद करतानाच, इजिप्तच्या ममींना स्पर्श करायला आपले मन धजले नाही हेही मोकळेपणाने सांगितले आहे. ती परवानगी एका प्रसिद्ध मुलीला मिळालेली सवलत होती. सवलतीचे रूपांतर नियमित उपक्रमात होण्याची सुरुवात पुढच्या दोन दशकांत झाली: न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९१० च्या सुमारास जोनाथन थॉर्न यांच्या नावाच्या स्मृतिनिधीतून अंध मुलांसाठी पेंढा भरलेले प्राणी आणि प्रतिकृती हाताळण्याचे वर्ग चालवले, आणि त्याच काळात इंग्लंडमध्ये संडरलंड येथील संग्रहालयात चार्लटन डीस यांनी असाच प्रयोग मोठ्या चिकाटीने केला. या सर्व प्रयोगांत शब्द होते, पण ते हाताच्या मागून चालणारे होते. मुलाच्या बोटांना जे लागले त्याचे नाव सांगणे एवढेच त्यांचे काम होते.

पुढे संग्रहालयांना दोन गोष्टींचा विचार करावा लागला. पहिली जतनाची. मानवी त्वचेवरील तेल, घाम आणि क्षार सच्छिद्र दगडात मुरतात, चुनखडीचा पृष्ठभाग वारंवार हाताळण्याने झिजतो, आणि हजारो वर्षे टिकून राहिलेला रंगाचा पुसट थर तर काही बोटांतच निघून जाऊ शकतो, हे जसजसे स्पष्ट होत गेले तसतशी अस्सल वस्तू हातापासून दूर गेली. दुसरी गोष्ट सामाजिक होती. नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथील कला संग्रहालयाने १९६६ मध्ये अंधांसाठी मेरी ड्यूक बिडल यांच्या नावाचे स्वतंत्र दालन उघडले, हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये १९७२ मध्ये तशाच हेतूने एक दालन सुरू झाले. पण उर्वरित संग्रहालय डोळसांचे आणि हा एक कोपरा अंधांचा, अशी विभागणी अंध प्रेक्षकांना कितपत सन्मानाची वाटेल हा प्रश्न त्या सद्भावनेतच दडलेला होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने केंद्र शासनाचा पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंग नागरिकांना वगळण्यास मनाई केली, १९९० च्या अपंगविषयक व्यापक कायद्याने त्याची कक्षा वाढवली, आणि स्वतंत्र कोपऱ्याऐवजी संपूर्ण संग्रह सर्वांसाठी खुला असला पाहिजे ही अपेक्षा कायदेशीर झाली. संग्रह खुला करायचा पण हात लावू द्यायचा नाही, या पेचातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग उरला होता, तो शब्दांचा.

शब्दांची तालीम दुसरीकडे होऊन गेली होती. सान फ्रान्सिस्कोत ग्रेगरी फ्रेझर यांनी १९७० च्या दशकात चित्रपटाचे दृश्यवर्णन हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय केला, आणि वॉशिंग्टन परिसरातील ‘वॉशिंग्टन इअर’ या अंधांसाठीच्या श्राव्य वाचनसेवेच्या संस्थापक मार्गारेट फानस्टील, ज्यांची स्वतःची दृष्टी गेली होती, त्यांनी पुढे त्यांचे पती झालेल्या कोडी यांच्यासह १९८१ साली अरीना स्टेज या नाट्यगृहात रंगमंचावरील हालचालींचे थेट वर्णन सुरू केले. नाटकात मात्र वर्णनकाराला दोन संवादांमधल्या फटीत बोलावे लागते. मूर्तीपुढे त्याला फटी शोधाव्या लागत नाहीत, उलट वेळेची मुबलकता हीच त्याची अडचण असते, कारण काय वगळावे हे सांगणारा दुसरा कोणी नसतो. या अडचणीला शिस्त लावण्याचे श्रेय बऱ्याच अंशी न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ साल्झहाउअर अ‍ॅक्सेल यांनी १९८७ साली स्थापलेल्या ‘आर्ट एज्युकेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेकडे जाते, जी पुढे ‘आर्ट बियाँड साइट’ या नावाने ओळखली गेली. तिने उठावाच्या आकृत्या आणि ध्वनिफीत यांची जोड देऊन कलेचा इतिहास रचला आणि वर्णनाचे काही संकेत ठरवून दिले: आधी नाव, काळ, माध्यम आणि मापे सांगावीत, मग संपूर्ण वस्तूचा एका दमात अंदाज द्यावा, दिशा सांगताना घड्याळाच्या तबकडीचा आधार घ्यावा, तपशिलाकडे क्रमाने जावे, अमूर्त गोष्ट दुसऱ्या इंद्रियाच्या अनुभवाशी जोडावी, आणि शक्य तेथे श्रोत्याला मूर्तीची मुद्रा स्वतःच्या शरीराने घेऊन पाहू द्यावी.

हे संकेत कसोटीला लावण्यासाठी बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधील राजा मेनकाउरे आणि राणी यांच्या युगुलमूर्तीहून योग्य शिल्प अमेरिकेत सापडणे कठीण. मेनकाउरे, ज्याला ग्रीक लेखक मायसेरिनस म्हणत, हा चौथ्या घराण्याचा राजा इसवी सनापूर्वी सुमारे २४९० ते २४७२ या काळात राज्य करीत होता आणि गिझाच्या तीन मोठ्या पिरॅमिडांपैकी सर्वांत लहान त्याचा आहे. त्या पिरॅमिडच्या खालच्या अंगाला, नाईलच्या पूररेषेकडे असलेल्या मंदिराचे उत्खनन हार्वर्ड विद्यापीठ आणि बॉस्टनचे संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेने जॉर्ज राइझनर यांच्या नेतृत्वाखाली केले, आणि जानेवारी १९१० मध्ये जुन्या लुटारूंनी खणलेल्या खड्ड्याच्या तळाशी ही मूर्ती मिळाली. तेव्हाच्या पद्धतीनुसार उत्खननातील वस्तूंची वाटणी इजिप्तचे शासन आणि मोहीम यांच्यात होत असे, आणि त्या वाटणीत ती बॉस्टनकडे आली. राइझनर यांची दृष्टी उतारवयात जवळजवळ गेली होती आणि १९४२ साली गिझाच्या छावणीत मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपले लेखन तोंडी सांगून लिहून घेतले. डोळ्यांऐवजी स्मरणावर विसंबून दगडाचे वर्णन करण्याची वेळ खुद्द उत्खननकर्त्यावर आली, हे येथे केवळ जाता जाता नोंदवायचे.

मूर्तीचे वर्णन मापांपासून सुरू होते. उंची सुमारे १४२ सेंटिमीटर, म्हणजे पायथा धरूनही दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढी. रुंदी आणि खोली प्रत्येकी अर्ध्या मीटरहून थोडी अधिक. वजन पावणेसातशे किलोच्या आसपास. दगड ग्रेवॅक जातीचा, म्हणजे बारीक कणांचा, हिरवट झाक असलेला गडद करडा, अत्यंत कठीण आणि झिलई चांगली घेणारा. एकाच शिळेतून दोन माणसे पुढच्या बाजूस उमलली आहेत आणि त्यांच्या पाठीशी त्याच शिळेचा सपाट फळा खांद्यांच्या आसपास येईपर्यंत उभा आहे, त्यामुळे ही माणसे शिळेपासून सुटी झालेली नाहीत. हात आणि धड यांच्यामधली, दोन पायांमधली जागाही आरपार कोरलेली नाही. तेथे दगड तसाच ठेवला आहे. डोळस प्रेक्षक या भरलेल्या जागांकडे लक्ष देत नाही, सावली समजून त्या ओलांडतो, परंतु श्रोत्याला त्या सांगितल्या नाहीत तर त्याच्या मनात उभी राहणारी मूर्ती ग्रीक संगमरवरी पुतळ्यासारखी मोकळी होते आणि सगळे वर्णन फसते.

दोघेही समोर तोंड करून उभे आहेत. राजा मूर्तीच्या उजव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, आणि राणी त्याच्या डाव्या अंगाला. येथे वर्णनकाराने सुरुवातीलाच डावे-उजवे कोणाचे हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच पाळले पाहिजे; या एका बाबतीतील ढिलाई श्रोत्याचा जितका गोंधळ उडवते तितका दुसरी कोणतीही चूक उडवत नाही. राजाच्या डोक्यावर नेमेस नावाचे राजवस्त्र आहे, जे कपाळावर घट्ट बसून कानांमागून जाते आणि ज्याचे दोन पदर छातीवर रुळतात. हनुवटीखाली आखूड, खोटी दाढी आहे, जी राजपदाचे चिन्ह म्हणून बांधली जाई. डोळे ठळक, नाक मांसल, ओठ भरलेले, आणि डोके किंचित उजवीकडे वळलेले. मूर्ती देवळातील एखाद्या कोनाड्यात प्रवेशाकडे पाहत राहावी अशा बेताने ठेवायची असावी, असा तर्क या वळणावरून काही अभ्यासकांनी केला आहे. खांदे रुंद, छाती उघडी, पोट सपाट, कमरेला चुणीदार शेंदित, म्हणजे राजाने नेसायचे गुडघ्यावरचे आखूड वस्त्र. दोन्ही हात अंगालगत सरळ खाली आलेले आणि मुठी आवळलेल्या, व त्या मुठींत एकेक आखूड दंडगोल वस्तू धरलेली आहे, जिचा नेमका अर्थ वादग्रस्त आहे. गुडघ्यांच्या वाट्या आणि नडगीची धार स्पष्ट उठवली आहे. डावा पाय पुढे आहे, पण दोन्ही तळवे पूर्णपणे जमिनीला टेकलेले आहेत.

या शेवटच्या तपशिलापाशी पोहोचल्यावर श्रोत्याला उभे राहून तशी मुद्रा घ्यायला सांगणे हे कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक उपयोगी पडते. हात बाजूला सरळ, मुठी घट्ट, डावे पाऊल पुढे आणि टाच मात्र कोणतीच उचललेली नाही, अशा रीतीने माणूस उभा राहिला की हे चालणे नव्हे हे त्याच्या पोटऱ्यांना आणि कमरेला आपोआप कळते. भार मागच्या पायावर राहतो, खांदे हलत नाहीत. ‘निश्चल तरी सज्ज’ यासारखे शब्द त्यानंतर वापरले तर त्यांना आधार मिळतो, आधी वापरले तर ते पोकळ वाजतात.

राणी उंचीने राजाला जवळजवळ तोलते. तिचे केशावरण, म्हणजे टोप, तीन भागांत विभागलेला आहे: दोन भाग खांद्यांवरून पुढे छातीवर आणि एक पाठीवर, कपाळाच्या मध्यावर टोपाखालून तिचे स्वतःचे केस डोकावतात. अंगावरचे वस्त्र इतके तलम आणि तंग दाखवले आहे की छाती, पोटाची गोलाई आणि मांड्या त्यातून जशाच्या तशा उमटतात, आणि वस्त्र आहे हे घोट्यांजवळच्या काठावरूनच निश्चित होते. तिचाही डावा पाय पुढे आहे, मात्र तिचे पाऊल राजाच्या पावलाहून आखूड. तिचा उजवा हात राजाच्या पाठीमागून त्याच्या कमरेला वेढून पलीकडे येतो, आणि डावा हात वळून त्याच्या डाव्या दंडावर टेकतो. राजाचा एकही हात तिच्याकडे गेलेला नाही. या दोन वाक्यांवर अमेरिकी वर्णनकारांचे दोन पक्ष पडू शकतात: ‘ती त्याला आलिंगन देते’ असे म्हणावे, की हात कोठून निघून कोठे टेकला आहे एवढेच सांगून थांबावे? पहिल्या पर्यायात स्नेहाचा अर्थ श्रोत्याच्या गळी उतरवला जातो, तर दुसऱ्यात डोळस प्रेक्षकाला सहज मिळणारी भावना श्रोत्याला नाकारली जाते. आधी हातांची जागा, मग राजाचे न वळणे, आणि त्यानंतरच अर्थाची शक्यता, हा क्रम दोन्ही दोष टाळतो. कारण राणी राजाला प्रजेपुढे सादर करीत आहे, की त्याला आधार देत आहे, की पत्नीच्या जवळिकीने उभी आहे, हे ठरवण्याचा अधिकार श्रोत्याकडेही असला पाहिजे. ती राणी नेमकी कोण हेही मूर्ती सांगत नाही, कारण पायथ्यावर लेख कोरलेला नाही. खामेरेरनेब्ती दुसरी ही मेनकाउरेची पत्नी असावी हा बहुतांशी मान्य असला तरी अनुमानाचाच भाग आहे, आणि ती राजमाता असण्याची शक्यताही मांडली गेली आहे.

लेख नसण्याचे कारण मूर्तीच्या खालच्या भागातच दिसते. चेहरे आणि धडे झिलईने गुळगुळीत झाली आहेत, तर पायांकडचा भाग आणि पायथा खरखरीत राहिला आहे. काम पुरे झालेले नव्हते. तरीही राजाचे कान आणि तोंड यांच्याजवळ तांबड्या रंगाचे, राणीच्या चेहऱ्यावर पिवळ्या रंगाचे अंश आढळले आहेत. पुरुषाची त्वचा तांबूस आणि स्त्रीची पिवळसर रंगवण्याचा इजिप्तचा संकेत जुना आहे. जन्मांध श्रोत्याला तांबडे-पिवळे सांगून काय मिळते, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, पण त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. रंग येथे संवेदना म्हणून नव्हे, सामाजिक खूण म्हणून आला आहे, आणि खुणेचा अर्थ कळण्यासाठी ती दिसावी लागत नाही.

याच मंदिरात राइझनर यांना मेनकाउरेच्या काही अपुऱ्या लहान मूर्तीही सापडल्या, आणि त्या एकत्र ठेवून त्यांनी घडणीच्या आठ अवस्था दाखवून दिल्या: ओबडधोबड ठोकळ्यापासून, बसलेल्या देहाच्या ढोबळ पायऱ्यांपर्यंत, मग डोके, हात व आसन यांच्या वेगळ्या होण्यापर्यंत, आणि अखेर चेहरा व झिलईपर्यंत. काहींवर शिल्पकाराने आखलेल्या लाल रेषा शिल्लक आहेत. शिल्पकार चारही बाजूंनी रेषा आखून एकेक थर उतरवत असे, संपूर्ण देहाचा ढोबळ आकार पक्का झाल्याशिवाय डोळ्याच्या पापणीला हात घालत नसे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर रेषा नव्याने आखत असे. वर्णनाचे अमेरिकी संकेत ठरवणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवले होते असे मानण्याचे कारण नाही, तरीही आधी ठोकळा, मग वस्तुमान, मग अवयव आणि सर्वांत शेवटी पृष्ठभाग हा त्यांचा क्रम शिल्पकाराच्या क्रमाशी इतका जुळतो की चांगले वर्णन ऐकणारा श्रोता मूर्ती पाहणाऱ्यापेक्षा ती घडवणाऱ्याच्या जवळ जातो. उलट दिशेचे उदाहरण भारतीय परंपरेत आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात संकलित केलेल्या ग्रंथातील मूर्तिलक्षणांत देवतेचे हात, आयुधे, आसन व वर्ण शब्दांत आधी निश्चित होतात आणि दगड त्यामागून येतो.

वर्णनात संदर्भ किती घालावा याची मर्यादा इजिप्तच्या बाबतीत आणखी सैल होते, कारण यांतील कित्येक मूर्ती माणसांनी पाहाव्यात यासाठी केलेल्याच नव्हत्या. थडग्यातील मूर्ती पुष्कळदा सर्दाब नावाच्या बंद कोठडीत ठेवली जाई, जिच्या भिंतीत फार तर डोळ्यांच्या उंचीवर भोके असत. ‘मुख उघडण्याच्या’ विधीनंतर तिला श्वास, वाणी, दृष्टी आणि श्रवण प्राप्त होते अशी श्रद्धा होती, आणि आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेची कल्पना परिचित असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पाहिली जाण्यापेक्षा स्वतः पाहणारी व ऐकणारी ही वस्तू होती, ही माहिती मिळाल्यावर नजर समोर रोखलेली का आहे आणि पाठीला शिळा का आहे, या प्रश्नांना अर्थ येतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील हत्शेपसुतच्या चुनखडीच्या बैठ्या मूर्तीने वर्णनकारापुढे ठेवलेली अडचण निराळी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १४७९ ते १४५८ या काळात राज्य करणाऱ्या या स्त्रीराजाच्या मूर्तीला नेमेस आणि शेंदित ही पुरुषराजाची वस्त्रे आहेत, देहाची ठेवण मात्र नाजूक आणि छाती स्त्रीची. मूर्तीच्या तुकड्यांचा शोध लागून ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा जुळवली गेली, कारण हत्शेपसुतच्या पश्चात तिच्या मूर्ती जाणीवपूर्वक फोडण्यात आल्या होत्या. डोळस माणसाला वस्त्र आणि देह एकाच क्षणी दिसतात, वर्णनात मात्र एक आधी आणि दुसरे नंतर येणारच. आधी ‘राणी’ म्हटले तर वस्त्रे वेषांतर वाटतात, आधी ‘राजा’ म्हटले तर देह चमत्कारिक वाटतो. लिहून दिलेल्या वर्णनात क्रम हाच अर्थ होऊन बसतो, आणि या मूर्तीपुरती तरी त्यातून पूर्ण सुटका नाही.

अलीकडच्या काळात हात परत आला आहे. फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियमने २०१२ मध्ये इजिप्तच्या दालनांत अंध प्रेक्षकांसाठी स्पर्श-फेऱ्या सुरू केल्या. निवडलेल्या कठीण दगडाच्या अस्सल वस्तू, स्वच्छ केलेल्या हातांनी आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या सोबतीने हाताळू देणे असे त्यांचे स्वरूप होते. ग्रॅनाइट असा स्पर्श सोसतो, रंगवलेली चुनखडी सोसत नाही, म्हणून शब्दांची गरज येथेही संपत नाही. हात पोहोचत नाही ती उंची, हाताला न लागणारा रंग आणि तुटून नाहीसा झालेला भाग शब्दांनाच सांगावा लागतो, आणि बोटे दगडावर असताना मार्गदर्शकाने गप्प राहणेच बरे. याच संग्रहालयात १९१३ साली मेम्फिसहून आलेला रामसेस दुसऱ्याचा तांबड्या ग्रॅनाइटचा प्रचंड स्फिंक्स आहे, जो २०१९ मध्ये प्रवेशाच्या दालनात हलवण्यात आला. शतकानुशतके त्याचे डोके वाळूच्या वर उघडे राहिल्याने चेहरा वाऱ्याने झिजून सपाट झाला, तर गाडलेल्या अंगावरील सिंहाचे पंजे आणि कोरलेली राजनावे धारदार राहिली. डोळस प्रेक्षकाची नजर सवयीने आधी चेहऱ्याकडे जाते आणि तेथे तिला काहीच मिळत नाही. या शिल्पाचे वर्णन लिहिणाऱ्याने पंजांपासून आरंभ करून छाती, खांदे आणि त्यांवर रामसेसचा मुलगा व वारस मेर्नेप्ताह याने मागाहून कोरून घेतलेले नाव घेत वर जावे, आणि जेथे खरखरीतपणा सुरू होतो ती वाळूची जुनी पातळी आहे हे सांगून मगच चेहऱ्याचा विषय काढावा.